नकाशात नसलेली खोली

११ सप्टेंबर, सोमवार

नवी वही काढली. जुनीत वीसेक पानं कोरी आहेत, पण आजची बातमी व्हॉलीबॉलच्या रडगाण्याला चिकटवून लिहायची इच्छा नाही.

सकाळी क्विम्बींनी बोलावलं. आमच्या सेंट एस्किल कॉलेजचे अध्यक्ष मला बोलावतात ते बहुतेक काहीतरी बंद करायलाच. तीन वर्षांत पोहणं गेलं, टेनिस गेलं, दारावर 'क्रीडाप्रमुख' ही पाटी तेवढी राहिली. आज मी स्कीइंगच्या संघासाठी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तर म्हणाले, "आर्डिस, बसा. आपण हॉकी सुरू करतोय." बर्फावरची हॉकी, पुढच्या हिवाळ्यापासून, मुलांचा संघ आणि मुलींचाही. आजूबाजूच्या राज्यांत आमच्यासारखी बारकी कॉलेजं एकामागून एक हेच करताहेत, कारण हॉकी खेळायला मिळणार म्हटलं की पोरं कुठेही येतात, नुसत्या तत्त्वज्ञानासाठी इथवर कोणी येत नाही. बर्फ गावच्या रिंकचा, आणि कपडे बदलायच्या खोल्या तिथे कॉलेज बांधून देणार.

आमच्या ओलिला गावात पोरं नीट चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकतात, आणि इथल्या कॉलेजात शंभर वर्षं हॉकी नव्हती. आहे की नाही गंमत.

गाडीत जाऊन रडले. एकसष्टाव्या वर्षी हे असं. चौदाव्या वर्षापर्यंत मी केस हेल्मेटमध्ये कोंबून मुलांत खेळले. मग एके दिवशी प्रशिक्षकांनी माझी बॅग दाराबाहेर ठेवली आणि म्हणाले, आता पुरे, फिगर स्केटिंगला जा. मी गेले नाही, आणि हॉकीही राहिली नाही. मुलींचा संघ मी स्वतः उभा करणार असं क्विम्बींना तिथल्या तिथे सांगून टाकलं. ते म्हणाले, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

३० सप्टेंबर, शनिवार

पहिला शब्द मिळाला, आणि तोही ब्रिन झुपानचा.

ब्रिन म्हणजे लेनची मुलगी. लेन गावच्या रिंकवर बर्फ सांभाळतो, तो गुळगुळीत करणारं मशीन चालवतो, रेषा रंगवतो, आणि कोणी बुटांनी बर्फावर पाय ठेवला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. ब्रिन पाच वर्षांची असताना माझ्या शनिवारच्या स्केटिंगच्या वर्गात आली. आठवड्याभरात गोलमध्ये जाऊन उभी राहिली ती तिथेच. आता शाळेचं शेवटचं वर्ष आहे. तिच्या तोडीच्या गोलकीपर सगळ्या मिनेसोटात चार-पाच असतील. विस्कॉन्सिनच्या एका कॉलेजाची प्रशिक्षक मार्ज थोर्सन उन्हाळाभर तिला फोन करत होती. मार्जचा संघ जुना, नावाजलेला.

मी तिला म्हटलं, इथे पहिल्या दिवसापासून गोल तुझा, आणि पहिला संघ एकदाच होतो. ती मास्कच्या जाळीतून ऐकत होती. मग मास्क वर केला, हातमोजा काढला आणि हात पुढे केला. "दिला शब्द, कोच."

आमच्यात कागद मागून येतो, आधी शब्द. पोरीनं एकदा शब्द दिला की बाकीच्यांचे फोन बंद होतात. तरीही फोन करणारा प्रशिक्षक बदनाम होतो, आणि फिरलेली पोरगी त्याहून जास्त. त्यात गोलकीपर म्हणजे संघात जागा तीन, भरल्या की संपलं. ब्रिननं माझ्यासमोरच मार्जला फोन करून कळवलं. संध्याकाळी मार्जचा मला निरोप आला, "नशीबवान आहेस. सांभाळ तिला." मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.

५ नोव्हेंबर, रविवार

आणखी चौघींचे शब्द आले. मुलांकडे सव्वीस जण झाले, त्यांचा प्रशिक्षकही नेमला, पोरगेलासा आहे पण कामाचा वाटतो. मुलींसाठी प्रशिक्षक नाताळनंतर बघू म्हणाले क्विम्बी. घाई नको, चांगलं माणूस मिळायला हवं. बरोबरच आहे.

ब्रिननं आज विचारलं, "कोच कोण येणार?" तोवर मीच, म्हटलं. हसली.

१२ डिसेंबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

क्विम्बींनी आधी दार लावून घेतलं. मुलींचा संघ दोन वर्षं पुढे ढकलायचा ठरलंय. खोल्या दोन बांधणं झेपत नाही, मंडळाचा तसा निर्णय आहे. पण हे १४ फेब्रुवारीपर्यंत बाहेर जाता कामा नये, कारण आम्हाला आत घ्यायचं की नाही यावर त्या दिवशी कॉलेजांची लीग मतदान करणार, आणि लीगचा नियम असा की नव्या कॉलेजानं दोन्ही संघ घेऊन यायचं. एकदा आत शिरलो की पुढचं पुढे.

मी म्हटलं, पाच मुलींचा शब्द घेतलाय मी. ते म्हणाले, "मुली शिकायला येतात, आर्डिस. त्या येतीलच." मग म्हणाले, माझ्या नोकरीची मुदत आणखी तीन वर्षांनी वाढवावी असं ते मंडळाला सुचवणार आहेत, म्हणजे मुलींचा संघ उभा राहिलेला मी बघेन. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते बोलणं उन्हाळ्यापासून चालू होतं.

मी काय म्हणाले? "समजलं," म्हणाले. एवढंच.

१३ डिसेंबर, बुधवार

शांतपणे विचार केला. आता बोंब ठोकली तर लीग दोन्ही संघ नाकारेल, सव्वीस मुलं उघड्यावर पडतील, आणि मुलींना दोन वर्षांनीही काही मिळणार नाही. गप्प राहिलं तर निदान अर्धं तरी पदरात पडतं. यात चूक काय आहे ते मला दिसत नाही. तरी जेवण गेलं नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

रिंकवर गेले होते. लेन म्हणाला, खोल्यांचा नकाशा आलाय. मुलींची खोली कुठल्या अंगाला काढताय? मी म्हटलं, तो दुसरा टप्पा, वेगळा नकाशा येईल. तो "हं" म्हणाला आणि कॉम्प्रेसर कसा खोकतोय ते सांगत बसला. बरं झालं. लेनला बर्फातलं कळतं, नकाशातलं काय कळणार.

७ जानेवारी, रविवार

आज सांगायचंच असं ठरवून झुपानांकडे गेले. फक्त ब्रिनला, हळूच, कोणाला सांगू नको म्हणून. मार्जच्या जागा अजून भरल्या नसतील.

ब्रिनची आई हॉस्पिटलात ड्युटीवर होती. लेननं कॉफी ओतली आणि स्वतः केलेला पोटित्सा कापला, अक्रोड भरलेला गोड पाव, त्याच्या आजीच्या हातचा असायचा तसाच. आमच्या गावात वाईट बातमी सांगायची एक रीत आहे. आधी कॉफी, मग थंडी किती पडली ते, मग कोणाच्या गाडीची बॅटरी बसली, मग कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तोवर निघायची वेळ होते. आज माझंही तेच झालं. ब्रिन समोर बसून ऐकत होती. एरवी दहा मिनिटांत उठून जाणारी पोर, आज तासभर हलली नाही. "नवीन कोचचं काही कळलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, शोध चालू आहे. "आणि खोलीचं?" म्हटलं, होईल.

लेननं न विचारता दुसरा कप भरला. मी बॅटरीवर आले. त्यानं तिसरा भरला. तोही मी संपवला. म्हटलं, निघते. मग दारात उभं राहून वीस मिनिटं बोललो, गाडीच्या काचेतून आणखी दहा मिनिटं, आमच्याकडे निरोप असाच घेतात. लेन उणे वीस थंडीत बिनकोटाचा उभा होता. म्हणाला, "आणखी काही आहे का, आर्डिस?" मी म्हटलं, पोटित्सा छान झाला होता.

घरी येऊन आरशात बघवेना.

२० जानेवारी, शनिवार

लीगला पाठवायच्या पुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते. मुलांकडून एक, मुलींकडून एक. मुलींकडून ब्रिन, अर्थातच. मी सुचवलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही.

निळी जर्सी आली होती, छातीवर कॉलेजचं नाव. तिच्या छातीच्या पॅडवर ती अडकत होती म्हणून मागून मी ओढून बसवली. पाठीवर १ आकडा. फोटोवाल्यानं तिला गोलमध्ये उभं केलं आणि मला शेजारी. "हसा," म्हणाला. ब्रिन हसत नव्हती. तो म्हणाला, "पहिल्या संघाची पहिली गोलकीपर, आनंद झाला नाही का?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कोचना विचारा." मी हसले. फोटो छान आला म्हणे.

लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही आणि शोधायचाही नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

लीगचे तिघे पाहणी करून गेले. त्यातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, मुलींचा संघ याच वर्षी ना? मी म्हटलं, पाच मुलींनी शब्द दिलाय. हे खरंच आहे. बाई खूश झाल्या, वहीत काहीतरी लिहून घेतलं. खोटं एक अक्षर बोलले नाही मी. क्विम्बींनी लांबून बघितलं आणि मान डोलावली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आत घेतलं. एकमतानं. ऑफिसात केक, त्यावर साखरेचा पक, हॉकीची ती काळी चकती. क्विम्बींनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी मुदतवाढही मंजूर झाली, तीन वर्षांची. केक दोनदा घेतला. दुसरा तुकडा कशाला घेतला?

२९ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या जाहीर होणार. मसुदा माझ्याकडे आला, सही माझी म्हणून. "काही खेळाडूंनी वेगळी वाट निवडल्याने मुलींच्या संघाचा आरंभ पुढे ढकलण्यात येत आहे." तीनदा वाचला. एक स्वल्पविराम हलवला आणि परत पाठवला.

३ मार्च, रविवार

शुक्रवारी निवेदन गेलं. शनिवारी मी दिवसभर फोन बंद ठेवला. आज चर्चनंतर थेट झुपानांकडे गेले. लेननं दार उघडलं, कॉफीचं विचारलं नाही. ब्रिन स्वयंपाकघरात गोलकीपरच्या पॅडचा पट्टा शिवत बसली होती, जाड दाभणानं.

मी उभ्यानंच सांगितलं. की हे लीगसाठी लपवलं, की मला आधी कळलं होतं, की निवेदनातलं ते वाक्य माझं नाही पण सही माझी आहे.

"मला माहीत आहे, कोच," ती म्हणाली. दाभण चालूच होतं.

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. बाबानं नकाशा घरी आणला होता. एकच खोली होती त्यात."

मी लेनकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी विचारलं, आणि हे विचारायची हिंमत मला कशी झाली मला कळत नाही, मी विचारलं की मग तू मार्जला फोन का नाही केलास?

"मी तुम्हाला शब्द दिला होता. तुम्ही मोकळं केल्याशिवाय कसा करणार?" मग तिनं दोरा दातानं तोडला. "तुम्ही जानेवारीत आलात ना, तेव्हा वाटलं, आज सांगणार. बाबानं तीन वेळा कॉफी ओतली ती काय उगाच?"

मला बसायला कोणी सांगितलं नाही आणि बसण्याचं तोंडही नव्हतं. मी म्हटलं, मार्जला मी फोन करते. ब्रिन म्हणाली, करा. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

४ मार्च, सोमवार

मार्जच्या तिन्ही जागा भरल्या. तिसरी जानेवारीअखेर भरली. एकतीस तारखेला एका कॅनडाच्या मुलीनं शब्द दिला. "तोवर जागा रिकामी होती," मार्ज म्हणाली. "मुद्दाम ठेवली नव्हती. पण होती."

सात तारखेला मी झुपानांच्या घरी पोटित्सा खात होते. चोवीस दिवस होते हातात.

मार्ज पुढे म्हणाली, "पण तिचंच मन फिरलं म्हणे? तुमच्या निवेदनात तसंच आहे. इकडे सगळे तेच बोलताहेत. वाईट वाटलं मला, पोर तशी वाटली नव्हती." मी म्हटलं, तसं नाहीये.  मार्ज म्हणाली, "मग कसं आहे?" मी सांगितलं, सगळं.  ती म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं, सांभाळ तिला." आणि फोन ठेवला.

म्हणजे मुलीची जागा गेली ती गेलीच, वर नावही गेलं. शब्द फिरवणारी म्हणून. आता तिला कोण घेणार?

९ मार्च, शनिवार

चार दिवस एक पत्र लिहितेय. पहिल्यात 'कॉलेजच्या अडचणींमुळे' होतं. दुसऱ्यात 'आमच्याकडून कळवायचं राहून गेलं'. राहून गेलं! छत्री राहून जाते, पिशवी राहून जाते. तिसरं असं झालं:

"ब्रिन झुपाननं शब्द फिरवलेला नाही. मुलींचा संघ होणार नाही हे मला १२ डिसेंबरला कळलं. मी तिला सांगितलं नाही आणि मोकळंही केलं नाही. तिनं शेवटपर्यंत शब्द पाळला. मी माझा मोडला. बाकी चार मुलींनाही हेच लागू आहे. त्यांची नावं खाली देत आहे. आर्डिस कोस्केला."

आज सकाळी ते सगळ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना पाठवलं, माझ्याकडे होते तेवढे सगळे पत्ते, अठ्ठावन्न. पाठवल्यावर छाती जरा मोकळी झाली. गावच्या वर्तमानपत्राला पाठवायचा विचार आला होता. नको म्हटलं. हा आमच्या धंद्यातला मामला, गावाला त्यात काय कळणार. लीगलाही लिहिलं नाही. त्यांनी मुलांचा संघ काढून घेतला असता, आणि मुलांनी काय घोडं मारलंय?

१२ मार्च, मंगळवार

क्विम्बींपर्यंत पोचलं. ओरडले नाहीत. म्हणाले, मेमध्ये तुम्ही निवृत्त व्हा, मानानं. मी "समजलं" म्हणाले.

२८ मे, मंगळवार

निरोपसमारंभ. पुन्हा केक. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, खाली 'ओलिलाच्या हॉकीची आई'. कात्रण कुठे ठेवू कळेना, चमच्यांच्या खणात टाकलं.

पाचपैकी दोघींना जागा मिळाल्या. एकीनं हॉकी सोडली. एक इथेच येणार आहे, नर्सिंग शिकायला, न खेळता. क्विम्बी म्हणाले होते, येतीलच.

ब्रिनला मेन राज्यातल्या एका कॉलेजानं पत्र पाठवलं. जागेची हमी नाही, तीन गोलकीपर आधीच आहेत, चाचणीला यायचं तर या. तिथल्या प्रशिक्षकानं म्हणे माझं पत्र वाचलं होतं. हे मला लेननं सांगितलं, पोस्टाच्या रांगेत, माझ्याकडे न बघता.

२४ ऑगस्ट, शनिवार

ब्रिन गेली. मी पेट्रोल भरत होते तेव्हा त्यांची गाडी समोरून गेली, मागच्या काचेत गोलकीपरची बॅग दाबून बसवलेली. दोन हजार किलोमीटर, चौथी गोलकीपर व्हायला. मी हात वर केला तेवढ्यात गाडी वळली.

पोस्टातली बाई म्हणाली, "झुपानची मुलगी गेली ना? आपलं कॉलेज कमी पडलं वाटतं तिला. आपल्याकडे पहिली म्हणून घेतली होती, फोटो काय, जर्सी काय." मी म्हटलं, तिला चांगली संधी आली. पाकीट घेतलं आणि बाहेर आले. मग गाडीत बसून स्टेअरिंगवर दोन्ही हात आपटले. एका वाक्याचं काम होतं. 'तिनं सोडलं नाही, आम्ही सोडलं' एवढंच म्हणायचं होतं, तेही पोस्टातल्या बाईला.

२ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी दोनला पहिली मॅच झाली. जाणार नव्हते. घरात बसवेना, गेले. वरच्या बाकावर, खांबाआड बसले.

सगळं गाव लोटलं होतं. खरं सांगायचं तर मुलं बाहेर आली, निळ्या जर्सीत, आणि तो आवाज झाला, ब्लेडांचा, नव्या बर्फावरचा, तेव्हा माझा ऊर भरून आला. वाईट वाटून नाही. आनंदानंच. त्याचीही लाज वाटली, पण आनंद होता तो होताच.

मग निवेदकानं माझं नाव घेतलं. बर्फावर लाल गालिचा टाकला होता. क्विम्बी हसत उभे. शेजारच्यांनी मला उठवलं, पाठीवर थापा मारल्या, वाट करून दिली, आणि मी गेले. खाली गेले, गालिचावर उभी राहिले. लोक उठून टाळ्या वाजवत होते. ज्या बायकांना मी शाळेत व्हॉलीबॉल शिकवला त्या शिट्ट्या मारत होत्या. क्विम्बींनी माइक हातात दिला, म्हणाले, "दोन शब्द, आर्डिस."

मी म्हटलं, हा संघ सगळ्या गावाचा आहे, आणि धन्यवाद. आणि हात हलवला. लेन मशीनजवळच्या फाटकात हात खिशात घालून उभा होता.

मॅच हरलो, चार-दोन. कोणाला पर्वा नव्हती. गर्दी ओसरल्यावर मी फाटकाकडे गेले. लेन बर्फावरचा चुरा खोऱ्यानं ओढत होता. ब्रिन कशी आहे, विचारलं. रोज सरावाला जाते, म्हणाला, अजून एकही मॅच मिळालेली नाही. मग म्हणाला, "तिचा फोन आला होता मघाशी. विचारत होती, कोच आल्या होत्या का, काय बोलल्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही." खोरं कडेला टेकवलं. "ते तूच सांग. तुझ्याकडून ऐकायची वाट बघायची तिला सवय आहे."

घरी आले, कोटही काढला नाही, फोन लावला. तिनं लगेच उचलला. मी एका दमात सांगितलं, गालिचा, टाळ्या, लोक उभे राहिले ते, मी हात हलवला ते. पोस्टातल्या बाईचंही सांगितलं.  

"टाळ्या थांबल्यावर सगळे गप्प होते?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि माइक तुमच्या हातात होता?"

"होता," म्हणाले.